कोरडी फळी

कर्नल कधी कुठल्या फौजेत नव्हता. त्याचं लॉज होतं, आणि जन्मभरात त्याने हुकूम सोडले ते नळ बंद करा, दिवे मालवा, बूट पुसून वर जा, एवढेच. कमरेला परवान्याचं पिस्तूल लावून तो पहिल्यांदा मेहुण्याकडे जेवायला गेला, तेव्हा मेहुणा दारातच म्हणाला, "या कर्नल. तोफ खाली लावून आलात ना?" सगळे पोट धरून हसले आणि नाव पडलं ते पडलंच. भाजीवालीपासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे त्याला कर्नल म्हणायला लागले. एकटी बायको म्हणत नसे. ती म्हणायची, मी लॉजवाल्याशी लग्न केलंय, आता या वयात माणूस बदलून देऊ नका.

माणूस हौशी होता यात शंका नाही. पिस्तुलाचं चामडी म्यान तो स्वतः पॉलिश करायचा, आणि ते दिसावं म्हणून शर्ट जरा आखूडच शिवून घ्यायचा. पण पिस्तूल हौसेपायी आलेलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी लॉजच्या वरच्या मजल्यावर दोन पाहुण्यांचं भांडण जुंपलं. आरडाओरडा ऐकून हा जिना चढून गेला, आणि त्याच्या डोळ्यांदेखत एकाने दुसऱ्याच्या पोटात सुरी खुपसली. एकदा नाही, तीनदा. हा किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन पायरीवर उभा. पाचावर धारण बसलेली. मेला तो औषधं विकत फिरणारा साधा माणूस होता. सकाळीच येऊन चहात साखर कमी आहे म्हणून सांगून गेला होता. नंतर पोलीस त्याची समजूत घालत म्हणाले, "तुम्ही तरी काय करणार? तुमच्या हातात होतं काय, किल्ल्याच ना?" समजूत पटायची सोडून ते वाक्य त्याच्या डोक्यात जाऊन बसलं. किल्ल्याच होत्या. म्हणजे दुसरं काही असतं, तर तो माणूस आज कुठेतरी कमी साखरेच्या चहाची तक्रार करत बसला असता.

म्हणून परवाना काढला, आणि दर रविवारी नेमबाजीच्या क्लबात जायला लागला. तिथले मास्तर कडक. त्यांचा एक धडा सगळ्यांना तोंडपाठ होता: चेहरा बघत बसू नका, चेहरा काय वाटेल ते दाखवतो. हात बघा. मारणारा हातांनी मारतो. आणि दुसरा धडा कवायतीचा. काढा, खटका सोडा, नेम धरा, ओरडा. खटका म्हणजे पिस्तुलाच्या बाजूची छोटी कळ. ती वर असेपर्यंत चाप कितीही दाबा, गोळी सुटत नाही. कर्नलने ही कवायत कपाटाच्या आरशासमोर इतकी केली की बायको केस विंचरायला न्हाणीघरात जायला लागली.

एकदा जेवताना तिने विचारलंच. "समजा रस्त्यात कुणी कुणाला मारतंय. तुमचं नात्याचं नाही, गोत्याचं नाही. तुम्ही गोळी घालाल?"

"मग काय हात बांधून बघत बसू?"

"आणि तो मेला तर?"

"मारणारा मेला तर मरू दे. मरणारा तर वाचेल."

"मारणारा कोण आणि मरणारा कोण, हे तुम्हाला कोण सांगणार?"

"डोळे आहेत ना मला," कर्नल म्हणाला, आणि आमटी वाढून घेतली. वाद तिथे संपला. तिला पटलं नव्हतं. पण जिन्यातली ती गोष्ट तिला माहीत होती, म्हणून तिने ताणून धरलं नाही.

तर असा हा कर्नल एका सकाळी डागाळलेल्या चादरींचं गाठोडं काखोटीला मारून लाँड्रीत गेला. लॉजच्या सगळ्या चादरी तिथेच धुतल्या जायच्या आणि या खेपेला पांढऱ्या चादरी निळ्या पडून आल्या होत्या. मालकीणबाईंना काय काय सुनवायचं हे तो वाटेत मनाशी घोळवत आला होता. दारात साबणाच्या पिंपांचा ट्रक उभा होता. काउंटरवर कोणी नव्हतं. आतून यंत्रांची घरघर येत होती, आणि त्या घरघरीतून धप्प, धप्प असा आवाज. लाकूड मांसावर बसतं तसा. तो आवाज एकदा ऐकलेलं माणूस ओळखण्यात चुकत नाही. गाठोडं काउंटरवर टाकून कर्नल आत गेला.

आत वाफ. जमिनीवर सगळीकडे पाणी. आणि समोर, चादरी पिळायच्या मोठ्या यंत्रापाशी, एक आडदांड माणूस दोन्ही हातांत लाकडी फळी धरून एका बाईला मारत होता.

बाई किरकोळ अंगाची. यंत्राचं लोखंडी झाकण तिने एका हाताने गच्च धरलेलं. तो तिच्या त्याच हातावर फळी घालत होता, आणि ती हात सोडत नव्हती. कुणी ओढून नेऊ नये म्हणून माणूस दाराची चौकट धरून बसतं, तशी ती कर्नलला वाटली. ओरडतही नव्हती. ओरडायचं बळच उरलं नसावं. आणि बाकीच्या बाया? त्या भिंतीला लागून रांगेने उभ्या, हात वर धरून, एकीचाही पाय पुढे पडेना. मालकीणबाई तर चक्क पाठ फिरवून मागच्या दाराने पळत सुटल्या. कर्नलच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या जणी, आणि एकटीला मरायला सोडून उभ्या.

त्याने चेहरा बघितला नाही. हात बघितले. भलेथोरले हात, मनगटं दंडाएवढी, त्यांत फळी. एवढं पुरे होतं.

पिस्तूल हातात कधी आलं हे त्याचं त्यालाही कळलं नाही. "फळी टाक," तो ओरडला. "टाक, नाहीतर गोळी घालतो."

भिंतीजवळच्या बाया किंचाळल्या. काय म्हणाल्या ते यंत्रांच्या आवाजात कळलं नाही. माणसाने मान वळवली. त्याला पिस्तूल दिसलं. तो पिस्तुलाकडे नीट बघत होता, बाजारात वजनाच्या काट्याकडे बघतात तसा. अशा वेळी माणसं काय करतात हे मास्तरांनी शिकवलं होतं. कोणी हात वर करतं, कोणी पळतं, कोणी अंगावर येतं. या माणसाने यातलं काहीच केलं नाही. त्याने कर्नलकडे पाठ फिरवली आणि फळी पुन्हा उचलली.

कर्नलने चाप ओढला.

काही झालं नाही. बोट दगडाला टेकावं तसं अडलं. तो फटका बसला, बाईचा हात झाकणावरून सुटला, आणि ती मागे पाण्यात जाऊन पडली. त्या माणसाने लगेच फळी भिरकावून दिली आणि तिच्याशेजारी गुडघे टेकले. ते मघाचे हात त्याने तिच्या छातीवर ठेवले आणि दाबायला लागला. भिंतीजवळच्या बाया आता एकदम धावल्या. त्यांतली वयाने मोठी कर्नलच्या जवळून जाताना ओरडली, "करंट लागलाय हो तिला, करंट! ते आधी खाली करा."

मग मागच्या खोलीत मालकीणबाईंना मुख्य बटण सापडलं आणि सगळी यंत्रं घरघरत बंद पडली.

त्या शांततेत कर्नलला एकेक गोष्ट कळत गेली. बाईने झाकण धरलं नव्हतं, झाकणाने बाईला धरलं होतं. विजेने घसा आवळला की ओरडता येत नाही. भिंतीजवळच्या बाया पाण्यात उभ्या होत्या. हात लावला असता तर एकीला धरून दुसरी, सगळ्याच गेल्या असत्या. वाफेत काम करणाऱ्या त्या बायांना हे पाठ होतं, पण तिथे होतं नव्हतं ते सगळं लाकूड भिजलेलं. कोरडी होती ती एकच फळी, ट्रकवरून पिंपं घरंगळत उतरवायची. ती या पिंपवाल्याच्या हातात होती, म्हणून तो आला. मालकीणबाई पळाल्या नव्हत्या, बटणाकडे धावल्या होत्या. एवढ्या माणसांच्या त्या खोलीत जो तो तिला वाचवत होता. एकटा कर्नल सोडून.

पिंपवाला दाबत होता आणि मोजत होता. मोजता मोजता चुकत होता आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होता. बाईचे ओठ शाईसारखे निळे. मोठी बाई तिच्या तोंडात श्वास फुंकत होती. कर्नल पिस्तूल लोंबकळतं धरून उभा होता आणि त्याच्या मनात एकच मागणं होतं, देवा, हिला उठव. त्याला स्वतःला दोन मुली. पण दोघींच्या वेळी तो दवाखान्याबाहेर येरझारा घालत होता. जन्म कसा होतो हे त्याने बघितलेलं नव्हतं. ते त्या दिवशी बघितलं. बाईच्या घशातून एक खरखर आली, जुना नळ खूप दिवसांनी सोडावा तशी. छाती आपली आपण वर आली. ओठांचा निळा रंग मागे सरत गेला आणि त्या जागी साधा, माणसाचा रंग आला. तिने डोळे उघडले आणि पहिला शब्द बोलली तो, "हात दुखतोय."

सगळ्या बाया रडायला लागल्या. पिंपवाला ओल्या जमिनीवर तसाच बसून राहिला. इतकं मोठं काही आपल्यासमोर घडेल असं कर्नलला कधी वाटलं नव्हतं, आणि ते होता होता आपण त्याच्या मध्ये कसे उभे होतो हे आठवून त्याच्या अंगावर काटा आला.

पुढचं सगळं उलटंच घडलं. लोकांनी कर्नलला डोक्यावर घेतलं. मालकीणबाई पोलिसांना म्हणाल्या, "दुसरा कोणी असता तर गोळी घालून मोकळा झाला असता. यांनी धीर धरला." पोलीस अधिकाऱ्याने दोन शब्द सुनावले, मग पाठही थोपटली. परवानेवाल्यांनी तुमच्याकडून शिकावं म्हणाला. त्या दुपारी कर्नलने लॉजच्या ऑफिसचं दार आतून लावून पिस्तूल टेबलावर ठेवलं. खटका वरच होता. काढा, नेम धरा, ओरडा. मधली एक गोष्ट तो विसरला होता. आरशासमोर कधी विसरला नव्हता. संयम वगैरे काही नव्हतं. त्याने त्या माणसाला पाठीत गोळी घातली होती. ती सुटली नाही एवढंच.

घरी पोचेपर्यंत बायकोच्या कानावर सगळं गेलं होतं. तिने त्या संध्याकाळी ताट वाढलं आणि समोर बसली. "मी उगाच तुम्हाला बोलत होते," ती म्हणाली. "कुणीही घाईने घातली असती. तुम्ही नाही घातलीत." लग्न झाल्यापासून ती इतक्या मऊ आवाजात फार थोड्या वेळा बोलली होती. कर्नलच्या तोंडात घास फिरत राहिला. सांगायला तोंड उघडलं आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला. बाई पलंगावर उशीला टेकून बसली होती, उजवा हात प्लास्टरमध्ये. शेजारी तिचा नवरा, आणि पलीकडच्या स्टुलावर पिंपवाला, अवघडून बसलेला, मांडीवर संत्र्यांची पिशवी. स्टूल त्याच्याखाली दिसतही नव्हतं.

"यांना बघा," बाई कर्नलला म्हणाली. बोलकी निघाली. "विजेने मला काही केलं नाही म्हणतात डॉक्टर. हात मोडला तो या भाऊंनी. दोन ठिकाणी. आणि आता संत्री घेऊन आलेत, सोलू कशाने?"

"मी सोलून देतो ना," पिंपवाला खाली बघत पुटपुटला.

"द्या मग. मोडलाय तुम्ही, सोलायचं पण तुम्हीच."

नवरा हसला, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. तो उठला आणि त्याने कर्नलचा हात दोन्ही हातांत घेतला. "डॉक्टर म्हणाले, अजून जरासा उशीर झाला असता तर संपलं होतं. यांचा हात थांबला असता तर. तुम्ही गोळी घातली नाहीत, दादा. तुमचे उपकार कसे फेडू?"

हे मात्र कर्नलला सोसेना. "येतो," म्हणून तो बाहेर पडला आणि व्हरांड्यातल्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. थोड्या वेळाने मागे जड पावलं वाजली. पिंपवाला त्याच्याशेजारी येऊन उभा राहिला, हातात अर्धवट सोललेलं संत्रं.

"बरं वाटत नाहीये का?" त्याने विचारलं.

आता नाही बोललो तर जन्मात बोलणार नाही, हे कर्नलला कळत होतं. लोक देतात तो मोठेपणा घ्यावा आणि गप्प बसावं; कुणाला पत्ता लागणार नव्हता. बायको तशीच मऊ आवाजात बोलत राहिली असती.

"मी गोळी घातली होती," तो म्हणाला. "तुम्ही पाठ फिरवलीत आणि मी चाप ओढला. खटका सोडायचा राहिला, म्हणून तुम्ही उभे आहात. मी थांबलोबिंबलो नव्हतो."

पिंपवाल्याने संत्र्याची साल खिशात टाकली. "माहितीये," तो म्हणाला.

"काय माहितीये?"

"तुमचं बोट बघितलं ना मी. आवळायला लागलं होतं. तुम्ही घालणार हे दिसतच होतं."

कर्नल त्याच्याकडे वळला. "मग पोलिसांना का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? तुम्हाला दिसलं ते तसंच दिसत होतं. बायामाणसाला एवढा दांडगा माणूस झोडपतोय. मी तुमच्या जागी असतो तर मीही धावलो असतो." त्याने संत्र्याची उरलेली साल काढली. "आणि मी खरंच तसला कोणी असतो, तर तिला तुम्हीच लागला असतात की. बाकी कोण येणार होतं?"

"मी तुम्हाला ठार मारलं असतं."

"हो."

"तुमच्या घरी कोण आहे?"

"आई आहे. बायको आहे. धाकटं आत्ता चालायला लागलंय."

"ही बाई तुमची कोण? ओळखीची?"

"छे हो. त्या लाँड्रीत मी पहिल्यांदाच माल घेऊन गेलो होतो. रोजचा ड्रायव्हर आजारी पडला म्हणून."

खिडकीतून खाली रस्ता दिसत होता. माणसं आपापल्या कामाला चालली होती, कुणाचं कुणाकडे लक्ष नव्हतं. कर्नलने गजाला धरून विचारलं. "माझं बोट दिसलं तुम्हाला. मी घालणार हे कळलं. फळी टाकली असतीत तर वाचला असतात. मग पाठ का फिरवलीत?"

असं काही पिंपवाल्याने मनाशी ठरवलेलंच नव्हतं. त्याने संत्र्याची एक फोड काढली, तिचे दोरे काढले.

"टाकून तुम्हाला समजावत बसलो असतो, तर ती गेली असती," तो म्हणाला. "मला वाटलं, गोळी लागली तरी माणूस काही लगेच पडत नाही. पडेपर्यंत एक फटका होईल."

एवढं बोलून, फार बोललो असं वाटून की काय, तो ओशाळला. "चला," म्हणाला, "ती संत्र्याची वाट बघत असेल," आणि आत गेला. कर्नल खिडकीशी उभा राहून लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला.